कोठ्यातली कलेजी आणि डोळ्यातलं पोटॅश

मीठ बरोबर नव्हतं. पहिले हे सांगून घेते, मग नमस्कार करते. वर्षभर तुमी पोट्ट्याले कलेजी खाऊ घातली आणि एका दिवसाचं मीठ जागेवर नव्हतं. कधी तोंडात धरवत नाही इतकं खारट, कधी नुसतं हळदीचं पाणी. सुट्टीत माझ्याकडं आला का म्हणे, आजी, तुझी कलेजी भाजी लागते, तिकडची औषध लागते. बाई माणूस रांधते तर जिभेवर थेंब टाकून पाहते. तुमी पाहत नव्हत्या. पाहणार कशा? गळ्यात माळ!

आता नमस्कार घ्या, इहीनबाई.

आज लिहायले बसली, कारण आर्यनच्या डोळ्याचा निकाल लागला. तुमचा-माझा नातू आंधळा होणार नाही. तुमाले डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं म्हणून आणखी एकदा लिहिते. पोट्टा आंधळा होणार नाही. आहे तेवढं दिसणं त्याच्यापाशी राहणार आहे.

हे तोंडानं सांगायची सोय तुमी ठेवली नाही. आणि तुमी असत्या तरी मले सांगता आलं असतं का? मी बोलायले लागली का तुमी मधात, तुमी बोलायले लागल्या का मी मधात. माझी संगीता तुमच्या घरी सून म्हणून आली तेव्हापासून आपण दोघींनी एकमेकींचं एक वाक्य पुरं ऐकलं नाही. आता ऐका. माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षर चिखलात कोंबडी चालून गेल्यावाणी पडते, पण पडते. संगीता म्हणे, आई, तू सांग, मी लिहून देते. मी म्हटलं, तुझ्या सासूशी माझं जे आहे ते तुझ्या हातून कायले? तू चांगलं चांगलं लिहिशील आणि मधातलं गाळशील.

तुमच्या ध्यानात पहिले कधी आलं होतं, आठवते का? पोट्टा चालायले लागला आणि दिवस बुडला का भिंत धरून चालायले लागला. अंगणातल्या बाजेवर आपटे. कोठ्यात बांधलेल्या गाईच्या अंगावर जाऊन पडे. गाय बिचारी सरकून त्याले जागा देई. संध्याकाळी बाकीची पोरं लपाछपी खेळत, हा विजेच्या खांबाखाली उजेडात उभा. भेदरट म्हणत त्याले. तुमचं म्हणणं, जागा बाधली. तुमचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, सरकारनं पवनीकडं नवीन गाव वसवून दिलं, सरळ सरळ रस्ते, चौकटीतली घरं. जुन्या गावात असतो तर असं झालं नसतं, म्हणत होत्या तुमी. जे झालं ते त्या नवीन गावाच्या माथी मारायची सवयच होती तुमाले. गुडघा दुखला तरी नवीन गाव.

मग तुमी कमरेले चाव्यांचा झुबका लावला. घरात कुलूप एक, चाव्या मूठभर. मी मनात म्हटलं, इहीनबाईले कोणता खजिना सापडला? चालल्या का खुळखुळ, वळल्या का खुळखुळ. अंधार पडल्यावर पोट्टा त्या आवाजाच्या मागं मागं चालते, हे मले फार मागून समजलं. विचारलं तर तुमी म्हटलं, कुलपं आहेत घरात, चाव्या नाही ठेवायच्या का?

दवाखान्यातल्या नर्सबाईनं डोस पाजला, गोळ्या दिल्या, आणि सांगतलं का शेवग्याचा, आपल्या मुनग्याचा पाला द्या, पपई द्या, खात असाल तर कलेजी द्या. तुमी मुनग्याचं झाड ओरबाडून ओरबाडून खराटा केलं. काही फरक पडला नाही. तेव्हा आपली जुंपली. तुमी म्हटलं, हे तुमच्याकडून आलं, आमच्या घराण्यात कोणी रातआंधळं नाही. मी म्हटलं, पालेभाजीवर पोट्टे वाढतेत का, डोळ्याले जोर कुठून येईल? तुमी दोन बोलल्या, मी तीन बोलली. संगीता बिचारी चुलीपाशी पोळी जाळत बसली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी कैऱ्या घेऊन आली होती. घरात कोणी नव्हतं. कोठ्यामागून धूर येत होता. मले वाटलं आग लागली, म्हणून धावत गेली. पाहते तर तुमी. तीन गोटे मांडलेले, त्यावर जर्मनचं काळं गंज, पातेल्याएवढं, आत कलेजी शिजून राहिली. तुमची माळ खुंटीले. उघड्या गळ्यानं मी तुमाले पहिल्यांदा पाहिलं, एकदम दुसऱ्याच कोणी दिसल्या. नाकाले पदर लावलेला, डोळ्यात धूर. तुमच्या घरात अंडं आलं तर चूल सारवून काढणारी बाई!

मले तोंड उघडायले जागाच नाही ठेवली तुमी. माझ्याकडं न पाहता म्हटलं,

"देवाले सांगून ठेवलं आहे. डोळे पोट्ट्याचे, पाप माझं. तुमी मधात बोलू नका, इहीनबाई."

मी बोलली नाही. आपल्या साऱ्या सोयरिकीत तेवढं एकदाच.

रांधून झालं का गंज घासायचं, तीन गोटे पाण्यानं धुवायचे, मग डोक्यावरून आंघोळ, मग माळ. पौषाच्या थंडीतही थंड पाण्यानं. जवाई आपला नाक वर करून शेजाऱ्याले शिव्या देई, का यांच्या घरी रोज मटन कसं शिजते. त्याच्या आईचा वास आहे तो, हे त्याले शेवटपर्यंत समजलं नाही. मी आता सांगतलं. त्याचं तोंड पाहायले तुमी पाहिजे होत्या.

दिवाळीनंतर तुमच्या गावात डोळ्याचं शिबिर झालं. त्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि म्हटलं, मागचा पडदा सुकत जाण्याचा रोग असू शकते, तसा असला तर नजर हळूहळू जाईल, नागपूरले नेऊन विजेची तपासणी करा. यातलं 'असू शकते' जवायाच्या कानात शिरलं नाही. 'तपासणी करा' तेही शिरलं नाही. 'नजर जाईल' तेवढं शिरलं आणि तिथंच बसलं. त्यानं कोणाले विचारून नागपूरच्या आंधळ्या पोरांच्या शाळेत जागा पाहून ठेवली. जूनपासून तिथंच राहायचं, म्हणे. नजर आहे तोवर बोटानं वाचायले शिकून घेतलेलं बरं.

मी त्याले वाईट म्हणत नाही. भ्याला होता. भेलेला माणूस घाई करते. पण नऊ वर्षांचा पोट्टा, दिवसा झाडावरची कैरी निशाण्यानं पाडते, त्याले आंधळ्याच्या शाळेत? तुमी म्हटलं, मी जिती आहे तोवर हा घरातून हलणार नाही. बरोबर बोलल्या. आणि मग पौषात, धानाचं चुरणं, मळणी चालू असताना, ताप काय आला आणि तुमी निघून काय गेल्या! बोललेलं वाक्य राखायचं असते, बाई. जिती राहणार होत्या ना?

दवाखान्यात शेवटी तुमच्यापाशी संगीता होती. तिनं मले नंतर सांगतलं. तुमी पाणी मागतलं नाही, पोराचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं,

"सूनबाई, मी कलेजी उशिरा सुरू केली का?"

संगीताले काही बोलता आलं नाही. रडू येऊन राहिलं होतं म्हणते. मी तिले चांगली रागावली. अगं, 'नाही' म्हणायले काय लागते? पण तिले तरी कुठं माहीत होतं? मले तरी कुठं माहीत होतं? तुमी उत्तर न घेताच गेल्या, आणि ते माझ्या नरड्यात अडकून राहिलं. जेवताना अडकते, निजताना अडकते. मी रडणारी बाई नाही, तुमाले माहीत आहे. पण खोकला मात्र लय झाला मले.

तेरवी झाली आणि मी जवायाले धरलं. म्हटलं, आंधळ्याच्या शाळेत टाकायचं तर टाका, पण पहिले तो आंधळा होणार आहे का नाही ते पाहून घ्या. तपासणी न करताच बैल विकतेत का? तो म्हणे, मामी, नाही म्हणून निघालं तर ठीक, पण हो म्हणून निघालं तर काय करू? पाहा, त्याले न पाहणं सोपं जात होतं. शेवटी होळी झाल्यावर तयार झाला. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो, जवाई, संगीता, आर्यन आणि मी. मले कोणी या म्हटलं नव्हतं. मी बसमध्ये जाऊन बसली होती.

तिथं मॅडम होती, डॉक्टरीण. पोरीवाणी दिसते पण हात पक्का. तिनं पोट्ट्याच्या डोळ्यात बाहुली मोठी व्हायचे थेंब टाकले आणि म्हणे, आता अर्धा तास पूर्ण अंधारात बसायचं, म्हणजे डोळा अंधाराले सरावते, मग तपासणी. आईबाप बाहेर, एक माणूस आत. मी आत गेली. संगीतानं पाण्याची बाटली माझ्यापाशी दिली.

इहीनबाई, तसा अंधार मी जिंदगीत पाहिला नाही. आपल्याकडं अमावास्येलेही चांदण्या असतेत. तिथं डोळे फाडा का मिटा, सारखंच. पोट्ट्यानं माझा हात धरला. त्याच्यासाठी रोजची संध्याकाळ अशीच असते, हे मले तिथं बसून समजलं. तेवढ्यात तो म्हणे, आजी, पाणी. बाटली माझ्या पायाशीच होती. आता आपल्या घरची रीत काय? दिवस बुडल्यावर आर्यननं काही मागतलं का पहिले उजेड करायचा. तुमीच लावली ती. माझा हात आपोआप पदराच्या गाठीतल्या मोबाईलवर गेला, आणि मी भपकन बॅटरी लावली. लावली तर लावली, वरून त्याच्या तोंडावरच मारली, बाटलीचं झाकण नीट उघडते का पाहायले.

मॅडम धावत आली. बिचारी ओरडली नाही. नुसती भिंतीले टेकून उभी राहिली. मग म्हणे, आजी, पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास. तुमचा मोबाईल माझ्याकडे द्या.

मी म्हटलं, घ्या. आणि काड्याची पेटीही घ्या, नाहीतर तेही करून बसीन.

मग तपासणी. पोट्ट्याच्या डोळ्याखाली, कपाळाले, कानाले तारा चिकटवल्या. एक पांढरं मोठं गोल भांडं, त्यात तोंड घालून बसवलं. त्या भांड्यात उजेडाची ठिणगी चमके, कधी बारीक, कधी मोठी. पोट्टा हलला नाही. तुमच्यावर गेला आहे तो, हट्टी. बाजूच्या पडद्यावर रेघ निघत होती.

सारं झाल्यावर मॅडमनं आमाले समोर बसवलं. मी विचारलं, मॅडम, या तारांतून पोट्ट्याले वीज दिली का? ती म्हणे, एक थेंबही नाही आजी, आम्ही फक्त उजेड दाखवतो. वीज त्याच्या डोळ्याची आहे. उजेड पडला की डोळा स्वतःच वीज काढतो, आम्ही ती टिपतो.

ऐका, डोळ्यात वीज! नवीन गावात खांबावर नाही इतकी घरात फिरून राहिली.

मी म्हटलं, ती कुठून येते? जवाई म्हणे, मामी, तुमाले कायले पाहिजे, रोग काय ते विचारा. मी म्हटलं, तुमी रोगच ऐकला आणि पोट्ट्याची शाळा बदलली. आता मले मुळापासून ऐकू द्या.

मॅडम चांगली बाई. समजावून सांगतलं. म्हणे, वीज म्हणजे क्षारांची ये-जा. त्यातला एक क्षार पोटॅशियम. मी म्हटलं, पोटॅश? धानाले टाकतो ते लाल खत? ती हसली. म्हणे, त्या खतात असतं तेच, पण डोळ्यातलं पाण्यात विरघळलेलं, आणि ते पोत्यानं आणावं लागत नाही, अंगात भरपूर असतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यात उजेड धरणाऱ्या पेशी आहेत. अंधारात त्यांच्यातून पोटॅशियम बाहेर झिरपत राहते. उजेड पडला का झिरपणं कमी होते, पण आत ओढणं चालूच राहते, म्हणून आजूबाजूच्या पाण्यात ते घटते. ही पहिली हालचाल, तिथं कागदावरची रेघ खाली जाते. मग या पेशींनी पुढच्या पेशींले खबर द्यायची. पुढच्या जाग्या झाल्या का त्या आपलं पोटॅशियम बाहेर सोडतेत. तिथं लांब उभ्या पेशी आहेत, पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. एका जागी जास्त झालेलं त्या उचलतेत आणि दुसऱ्या जागी नेऊन सोडतेत. या ने-आणीचा हात लागते तेव्हा रेघ वर चढते, डोंगरावाणी.

तिनं दुसऱ्या कोणाची चांगली रेघ दाखवली. पहिले खड्डा, मग डोंगर. मग आर्यनची. खड्डा बरोबर होता. डोंगर उठलाच नव्हता.

संगीतानं माझा दंड दाबला. जवाई खाली पाहून राहिला.

मी म्हटलं, थांबा, मले माझ्या पद्धतीनं सांगू द्या. वरच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, पाणी भरलं आहे. खालच्या बांधीत जायचं तोंड बुजलं आहे. पाणी वाटणारा पाणकर खाली फावडं घेऊन उभा आहे, पण त्याच्यापाशी पाणी येतच नाही, तर तो वाटणार काय? असंच आहे का? मॅडम म्हणे, बरंचसं असंच. उजेड धरणाऱ्या पेशी ठीक आहेत. पाणकरही ठीक आहे. खबर पुढं जात नाही. दिवसाच्या उजेडाची वाट वेगळी असते, ती त्याची बरीच चालते, म्हणून त्याले दिवसा दिसते.

मग मी ते विचारलं, जे विचारायले भेत होतो आमी सारे.

"वरच्या बांधीतलं पाणी आटून राहिलं का?"

"नाही, आजी. पडदा सुकण्याचा रोग असता तर रेघ जवळपास सपाट आली असती, खड्डाही नसता. हे त्याला जन्मापासून आहे आणि सहसा असंच राहतं. वाढत नाही. चष्मा लागेल, अंधारात हात लागेल, रात्री गाडी चालवायची नाही. पण आंधळ्या मुलांच्या शाळेची त्याला गरज नाही."

जवाई उठून बाहेर गेला. नंतर दिसला तेव्हा नळावर तोंड धुऊन राहिला होता. लय वेळ धूत होता.

मी नाही गेली. माझं एक राहिलं होतं. म्हटलं, मॅडम, याची दुसरी आजी होती. ती माळकरी असून याले कलेजी रांधून घाले. मरताना विचारून गेली, उशीर झाला का. तिले काय सांगू?

मॅडमनं पेन खाली ठेवला. म्हणे, "सांगा, पहिल्या दिवसापासून दिली असती तरी हेच असतं. आणि एक दिवस दिली नसती तरी हेच असतं. ते जेवणाचं नव्हतंच."

ऐकलं का, इहीनबाई? डाव्या कानानं नाही, उजव्या कानानं ऐका. तुमच्या पालेभाजीनं झालं नाही. तुमच्या उशिरानं झालं नाही. माळ तुमी उगाच काढत होत्या, आणि उगाच थंड पाण्यानं आंघोळ करत होत्या. मीठही उगाच चुकत होतं. यातलं काही नसतं केलं तरी तुमचा पोट्टा असाच राहिला असता. हे ऐकून मले पहिले राग आला, एवढी मेहनत वाया गेली म्हणून. मग नरड्यातलं ते सुटलं. खोकला त्या दिवसापासून नाही.

आता एक कडू घोट. मॅडमनं सांगतलं, असं दुखणं बरेचदा आईकडून पोराले येते. आईले स्वतःले काही होत नाही, ती नुसती पुढं देते. तिनं विचारलं, आईच्या माहेरी कोणाले अंधारात दिसत नव्हतं का? संगीता माझ्याकडं पाहते, मी छताकडं पाहते. म्हणजे तुमी बरोबर होत्या. आमच्याकडूनच आलं. घ्या. एकदाच म्हणते, पुन्हा म्हणणार नाही, आणि संगीताले कोणी याच्यावरून बोललं तर त्याची खैर नाही, तुमच्या फोटोचीसुद्धा नाही.

मले माझा थोरला भाऊ आठवला. बळीदादा. तुमी पाहिलं त्याले, संगीताच्या लग्नात सर्वांच्या आधी जेवून दिवसाउजेडी निघून गेला म्हणून तुमी नावं ठेवली होती. वावरातून घरी यायले उशीर झाला का तो बैलाची शेपटी धरून येई. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत रात्रभर नाटकं होत, आमी सारे चटया घेऊन जात होतो, हा कधी आला नाही. गाव म्हणे, बळीराम भुताले भेते. मीही हसत होती.

नागपूरहून आली आणि दुसऱ्याच दिवशी दादाकडं गेली. तो ओसरीत बसून सुपात तांदूळ निवडत होता. एवढा म्हातारा, चष्मा जाड, पण एक एक खडा वेचून बाहेर. मी म्हटलं, दादा, समोरच्या तलावाच्या काठच्या पारीवर काय बसलं आहे? तो म्हणे, बगळे, आणि एक पाणकोंबडी. मी उन्हात डोळे बारीक केले तेव्हा मले ती कोंबडी दिसली. मग सरळ विचारलं, तुले अंधारात दिसत नव्हतं ना?

तो तांदूळ निवडतच राहिला. मग म्हणे,

"नोहतं दिसत. कधीच नाही. लोक भेतो म्हणत, मी म्हटलं म्हणू दे. भेणाऱ्याले लोक हात देतेत, देवका. आंधळ्याले पोरगी देत नाहीत."

साऱ्या जन्माचं भेकड नाव या माणसानं लग्नासाठी गळ्यात बांधून घेतलं, आणि भावजय मरेपर्यंत तिलेही सांगतलं नाही. मी म्हटलं, आता तरी सांग गावाले. तो म्हणे, आता कायले, आता मले भुताचीच सवय झाली. लोक विचारतेत, बळीदादा, आज कोणतं भूत दिसलं? मीही दोन-चार नावं सांगतो.

पण माझं काम झालं. एवढ्या वयात त्याले खडा दिसते, पाणकोंबडी दिसते. मॅडमच्या कागदावर माझा भरवसा होता, नव्हता असं नाही. पण दादाच्या सुपावर जास्त बसला. पोट्टा म्हातारा होईल तेव्हा कसा राहील ते मी डोळ्यानं पाहून आली.

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मले झोप लागली. उभ्या माणसांच्या गर्दीत, खिडकीले डोकं टेकून, पार आपला थांबा मागं पडेपर्यंत. कंडक्टरनं उठवलं तर मी त्याच्यावरच चिडली, का चांगली झोप मोडली म्हणून. तुमी गेल्यानंतरची पहिली झोप होती ती.

आता मी तुमाले शब्द देते. तुमच्यासारखा अर्ध्यात सोडून जायचा नाही. आर्यनले घरात कोणी भेदरट म्हणणार नाही, बिचारा म्हणणार नाही, आणि आंधळा तर नाहीच. दिवस बुडल्यावर दिसत नाही, तर 'मले दिसत नाही, हात दे' असं तो मोठ्यानं म्हणेल. मीच शिकवीन. पहिल्यांदा लाजेल, मग सवय होईल. दादासारखं भुताच्या मागं लपायचं नाही. लग्नाची गोष्ट निघाली का पोरीकडच्यांले पहिल्या दिवशी सांगायचं. आणि यंदा मंडईच्या नाटकाले मी त्याले घेऊन जाईन, अगदी मंचासमोर बसवीन, तिथं एवढे दिवे असतेत का त्याले राजाच्या मिशीचा डिंकही दिसेल. तुमी नाटकं पाहत नव्हत्या, पण हे चालवून घ्या.

एकच राहिलं. काल मी तुमच्या घरी आली. अक्षय तृतीया आली, तुमची पहिली घागर भरायची आहे. आर्यनच्या खाटेखाली पत्र्याची पेटी दिसली. उघडून पाहिली. दोन पँटी, टॉवेल, टूथब्रश, तुमचा फोटो. मी म्हटलं, हे काय रे? तो म्हणे, जूनमध्ये नागपूरले जायचं आहे ना.

होळी कधीची झाली, इहीनबाई. दवाखान्यातून येऊन इतके दिवस झाले. संगीताले वाटलं बापानं सांगतलं असेल, मले वाटलं संगीतानं सांगतलं असेल. मॅडम बोलली तेव्हा पोट्टा थेंबांमुळं डोळे मिटून माझ्या मांडीवर निजला होता. तुमच्या पोरानं त्या शाळेत फोन करून जागा सोडली, हे मले माहीत आहे. पण ज्याले जायचं होतं त्यालेच सांगतलं नाही. विचारलं तर म्हणे, मामी, कसं सांगू, मीच पाठवून राहिलो होतो. मी म्हटलं, तसंच सांगा. तर मान हलवते. मले मान नाही पाहिजे.

म्हणून हे पत्र मी अक्षय तृतीयेले घागर भरून झाल्यावर तुमच्या फोटोसमोर वाचणार आहे, मोठ्यानं, साऱ्यांच्या मधात, जवाई आणि आर्यन दोघांले समोर बसवून. इथपर्यंत वाचलं का मी थांबीन.

तुमची इहीन,
देवकाबाई, दिघोरी

ता. क. उत्तर तुमी देऊ नका. स्वप्नात येऊ नका, कावळा पाठवू नका, तुमी बोलायले लागल्या का दुसऱ्याले जागा राहत नाही. उत्तर रमेश जवायानं द्यायचं. उभं राहून, तोंडानं, पोट्ट्याकडं पाहून. आणि पेटी त्यानंच रिकामी करायची.